मी आलो की मी आले? : कथेतल्या आवाजाविषयी

आपल्या मंडळाच्या ई-अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम यंदा आम्हा तिघांकडे होतं. लेखकाचं नाव झाकून वाचायचं असा आपला नियम आहे. पण नावं झाकल्यावर एक गंमत झाली. यातली निपाणीची कथा कुठली, खानापूरची कुठली, कॅम्पात वाढलेल्या मुलाची कुठली, हे आम्हाला ओळखताच येईना. सगळ्या कथा एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटत होत्या. आणि तो माणूस आपल्या भागातला नव्हता. तो बहुतेक पुण्यात शिकलेला आणि रात्री इंग्रजी मालिका बघणारा असावा, कारण त्याची सगळी पात्रं ‘खोल श्वास घेतात’ आणि ‘खांदे उडवतात’. मी एकवीस वर्षं बेळगावात काढली. खांदे उडवणारा माणूस अजून बघायचाय. आपल्याकडे माहीत नसलं की माणूस मान जरा वाकडी करतो आणि ‘काय की बा’ म्हणतो.

कथा वाईट होत्या असं नाही. विषय चांगले होते: ऊस, वखार, गल्फला गेलेला भाऊ, मोडलेलं लग्न. भाषाही शुद्ध होती. नव्हता तो आवाज. म्हणून हा लेख.

आवाज म्हणजे काय, हे सांगायला मराठी समीक्षेत ‘शैली’ हा शब्द पटकन पुढे येतो. मला तो इथे अपुरा वाटतो. शैली लेखकाची असते आणि ती त्याच्या सगळ्या पुस्तकांत थोडीफार सारखी राहते. आवाज त्या एका कथेच्या निवेदकाचा असतो. निवेदक कोण आहे, कुठे उभा आहे, कुणाला सांगतोय, कशाकडे त्याचं लक्ष जातं, कशाकडे जात नाही आणि काय माहीत असूनही तो बोलत नाही, हे सगळं ठरल्यावर जो सूर लागतो तो आवाज. बोली हा त्यातला एक भाग झाला, आणि माझ्या मते पहिला नव्हे.

आपल्या आसपासच्याच तीन निवेदकांकडे बघू.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो आणि गोष्ट तोच सांगतो. त्याचं निवेदन साध्या प्रमाण मराठीत आहे. वाडीची माणसं बोलतात ती त्यांच्या बोलीत. आता निवेदक प्रमाण भाषेत आणि गरीब पात्रं बोलीत ही वाटणी धोक्याची असते. वरच्या मजल्यावरून खाली बघितल्यासारखं होतं. सिनेमात नाही का, नायक शुद्ध बोलतो आणि गडी गावठी, आणि लोक गड्याला हसतात. ‘बनगरवाडी’त तसं का होत नाही? मला वाटतं दोन कारणं आहेत. एक, मास्तरची वाक्यं धनगरांच्या बोलण्याइतकीच आखूड आणि कोरडी आहेत. तो कुठेही भाषेचा तोरा मिरवत नाही. दुसरं, त्या वाडीवर अडाणी मास्तरच आहे. माळ, मेंढरं, पाऊस, चोरी यातलं त्याला काही कळत नाही, तो शिकतोय. शिकणाऱ्याचा आवाज वरून येऊ शकत नाही.

आनंद यादव आपल्या शेजारचे, कागलचे. निपाणीहून कोल्हापूरला जाताना कागल लागतंच. त्यांच्या ‘गोतावळा’ (1971) या कादंबरीत सांगणारा नारबा हा शेतावरचा गडी आहे. मळ्यातली जनावरं हाच त्याचा गोतावळा, आणि ट्रॅक्टर आल्यावर तो गोतावळा एकेक करून जातो. इथे मास्तर मध्ये नाही. पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत नारबाचीच बोली. सुरुवातीची काही पानं जड जातात, मग कान सरावतो. कान सरावला की लक्षात येतं की नारबा बैलाविषयी बोलतो तसा माणसांविषयी बोलत नाही. माणसांबद्दल तो सावध आहे. आवाज दिसतो तो त्या फरकात. उद्या कुणी ‘गोतावळा’ अख्खा प्रमाण मराठीत लिहून काढला, तरी हा फरक थोडा उरेलच. उलट करून बघा: बोली पूर्ण कागलची ठेवली आणि लक्ष मात्र शहरी माणसाचं, म्हणजे सूर्यास्त बघून हरखणारं, तर नारबा जागेवर मरेल.

तिसरा आपल्या बेळगावचाच. प्रकाश नारायण संत यांचा लंपन. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतल्या कथा हा मुलगा सांगतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा. तुमच्यापैकी काहींनी 2024 मध्ये आलेली ‘लंपन’ ही मालिका पाहिली असेल. मालिका चांगली आहे, पण आवाजाचा अभ्यास करायचा तर पुस्तकंच काढायला हवीत, कारण लंपन पडद्यावर दिसतो आणि पुस्तकात ऐकू येतो.

लंपनचं बोलणं आपल्या भागातलं आहे. कानडीला लागून असलेलं, हेल असलेलं. पण बेळगावची सगळी मुलं लंपनसारखी बोलत नाहीत, तेव्हाही बोलत नसतील. संतांनी त्याला स्वतःचे दोन-तीन हट्ट दिले आहेत. ‘मॅड’ हा त्याचा लाडका शब्द. दुसरा हट्ट आकड्यांचा. एखादी गोष्ट खूप वेळा झाली हे सांगताना तो ‘शंभरदा’ किंवा ‘हजारदा’ म्हणत नाही. हजारांतला एक नेमका, वेडावाकडा आकडा देतो, जणू मोजलंच आहे. आपण हसतो. पण थोडं वाचल्यावर त्या आकड्यांमागचं मूल दिसायला लागतं. आपलं घर एक नाही दोन, आपले लोक इथे आणि तिथे, हे ज्याला रोज सांभाळावं लागतं, ते मूल निदान आकडा तरी पक्का धरतंय. त्याला रडू येतं तेव्हा तो दुःखाविषयी बोलत नाही. भलत्याच कुठल्यातरी वस्तूविषयी बोलतो. वाचणाऱ्याला कळतं. एवढं सगळं एका मुलाच्या बोलण्याच्या सवयींतून.

हे संतांना ‘आठवलं’ म्हणून झालं, असं सोपं उत्तर देता येईल. त्यांचा जन्म 1937 चा, बालपण इथलं, आई कवयित्री इंदिरा संत. पण ‘वनवास’ हे पुस्तक आलं 1994 मध्ये. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. कराडला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला वीसेक पानं मुलाच्या आवाजात बोलायचंय आणि कुठेही मोठ्या माणसाचं शहाणपण मध्ये येऊ द्यायचं नाहीये. आठवणीवर हे भागत नाही. वाक्य लिहायचं, मोठ्या माणसाचा शब्द सापडला की काढायचा, पुन्हा वाचायचं. आवाज ‘सापडतो’ असं आपण म्हणतो, पण इथे तो घडवलेला आहे, आणि तो घडवायला एक माणूस पन्नाशी ओलांडून बसला होता. एकवीस-बावीसच्या आपल्याला आपला आवाज अजून सापडला नाही म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

निपाणीच्या मुलांनी महादेव मोरे यांचंही वाचावं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत त्यांनी आयुष्यभर लिहिलं. 2024 मध्ये ते गेले. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीत राबणारी माणसं त्यांच्या लिखाणात आहेत, आणि त्यांच्या कामाचे शब्द आहेत. गिरणीत बसलेल्या माणसाला दिवसभर गावाचं बोलणं ऐकावंच लागतं, तेही पट्ट्याच्या आवाजावर चढवलेलं. लेखकासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. आपल्या कॉलेजची लायब्ररी तर नाहीच. तिथं बोलू देत नाहीत.

मग आपल्या कथांचं असं का होतं? हातात एवढी बोली असताना?

माझा एक तर्क आहे. सीमाभागात मराठी ही नुसती भाषा नसते, ती बाजू असते. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला. साहित्याच्या मांडवात. 1956 मध्ये आपण म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हापासून पाटीवर कुठली अक्षरं, शाळेत कुठली भाषा, हे प्रश्न घराघरात आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत लोक स्वतः खपून साहित्य संमेलनं भरवतात, शेतकरी मांडवात दिवसभर बसतात, याचा मला खरंच अभिमान वाटतो. पण जी भाषा सतत सिद्ध करावी लागते ती हळूहळू इस्त्रीची होते. पाहुण्यांसमोर घालायची. ‘आमची मराठी अस्सल आहे’ हे दाखवायचं असेल तर तिच्यातली कानडी लपवावी लागते, ‘पण’च्या जागी आपण म्हणतो तो ‘खरं’ लपवावा लागतो, ‘काय करालास?’ लपवावं लागतं. माझं म्हणणं एवढंच, की मोर्च्यात हे चालेल, कथेत चालत नाही. कथेत लपवलं की माणूसच लपतो.

त्यातलं सगळ्यात नाजूक उदाहरण शीर्षकात दिलंय. बेळगाव-कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. मीही म्हणते. हा लेख लिहिताना मात्र ‘म्हणते’ लिहिते, कारण लेख आहे. पण समजा मी वडगावच्या एका मुलीची गोष्ट तिच्याच तोंडून सांगतेय. तिनं ‘मी आले’ म्हटलं की ती मुलगी वडगावची राहत नाही. आणि ‘मी आलो’ म्हटलं की पुण्याच्या वाचकाला पहिल्या परिच्छेदात मुलगा वाटतो. काय करायचं? आमच्या वाचन-बैठकीत यावर अर्धा तास वाद झाला. एकजण म्हणाला, तळटीप द्या. मला तळटीप पटत नाही; मुलगी बोलायला लागली आणि बाजूला उभं राहून कुणीतरी भाषांतर करतंय, असं होतं ते. त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन वाक्यांत कुणीतरी तिला हाक मारू दे, ‘अगं’ म्हणू दे. वाचक एकदा अडखळेल आणि मग चालू लागेल. एकदा अडखळणं वाईट नाही. त्या अडखळण्यातच त्याला कळतं की आपण दुसऱ्या गावात आलोय.

आता एक करून बघू. प्रसंग मी बनवलाय: निपाणीतली एक विडी वळणारी बाई, मुलीचा पीयूसीचा निकाल. आपल्याकडे आलेल्या कथांच्या धर्तीवर पहिला प्रयत्न असा होईल:

*कमलाबाईंच्या डोळ्यांत अश्रू तरळले. आपल्या कष्टांचे चीज झाले या विचाराने त्यांचे मन भरून आले. थरथरत्या हातांनी त्यांनी लेकीला जवळ घेतले.*

व्याकरणात चूक नाही. पण कमलाबाईंच्या जागी शिक्षिका ठेवा, नर्स ठेवा, एक अक्षर बदलावं लागणार नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘बोलीत लिही’. दुसरा प्रयत्न:

*‘आगं बया बया! माजी लेक पास झाली गं!’ कमळाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत अश्रू तरळले. कष्टांचे चीज झाले या विचाराने तिचे मन भरून आले.*

हे पहिल्याहून वाईट आहे. बोली भेळेवर शेव टाकल्यासारखी वरून टाकलीय, खाली तेच मन भरून आलेलं आहे. शिवाय आता बाईचं थोडं हसूही झालंय. तिसऱ्या प्रयत्नात बोली बाजूला ठेवून आधी मी एवढंच विचारलं, की ही बाई दिवसभर काय करते? मोजते. मजुरी हजार विड्यांवर ठरते, बंडल पंचवीसचं. वर्षानुवर्षं पंचवीस-पंचवीस मोजणारी बाई लेकीचे मार्क कसे ऐकेल?

*निकाल अकराला म्हणाली होती. अकरापर्यंत माझी रोज अकरा बंडलं होतात, आज नऊच झाली. दहाव्याला दोरा दोनदा तुटला. पोरगी दारात येऊन उभारली, काय बोलंना. मी वर बघितलो न्हाई. पंचवीस पुरी केलो, बंडल बांधलो, मग इचारलो, ‘किती?’ ‘एकोणऐंशी.’ म्हणजे तीन बंडलं आणि वर चार. ‘बरं हाय की,’ म्हणालो. ‘जा, चहा ठेव.’*

फार थोर काही नाही हे. पण ही बाई आता दुसऱ्या कुणाच्या जागी बसवता येत नाही. ‘अश्रू’ गेले, ‘कष्ट’ गेले. नऊ बंडलं आणि तुटलेला दोरा एवढ्यावर तिची धडधड कळते. बोली मी शेवटी घातली आणि तीही बेतानं. प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहायचा नाही. लिहिलं तर पान वाचवत नाही. तीन-चार रूपं निवडायची आणि शेवटपर्यंत तीच पाळायची. इथे ‘मी केलो’, ‘उभारली’, ‘की’ आणि ‘न्हाई’वर भागलं.

कानडीचं काय करायचं, हा आपला खास प्रश्न. बसमध्ये कंडक्टर ‘मुंदे होग्री, मुंदे होग्री’ ओरडतो, त्याच दमात मागच्या म्हातारीला ‘आज्जी, पुढं सरका की’ म्हणतो. तो भाषा बदलतोय हे त्याला जाणवतही नाही. आपल्या कथांत मात्र कानडी वाक्य आलं की लगेच पुढच्या वाक्यात त्याचा मराठी अर्थ येतो, सरकारी फलकासारखा. नको. लोक पुढे सरकले असं लिहा, अर्थ कळला. आणि पात्रानं भाषा कधी बदलली याकडे लक्ष ठेवा, तिथे बरंच काही लपलेलं असतं. माझी आजी प्रार्थना कोकणीत करते, रागावते मराठीत आणि पैसे मोजते कानडीत: ओंदू, एरडू, मूरू. ती बेळगावच्या बाजारात कानडी दुकानदारांकडे हिशेब शिकली. तिच्यावर कथा लिहायची तर ही तीन दारं आहेत, आणि कुठल्या दारातून आत शिरायचं यावर अख्खी कथा बदलेल. प्रार्थनेच्या दारातून गेले तर ती सोशिक दिसेल. मोजण्याच्या दारातून गेले तर चांगलीच हुशार.

इथे कुणी म्हणेल, बोली आणि आवाज रक्तात असावे लागतात, इंग्रजी माध्यमातल्या मुलांनी काय करायचं? आपल्या ख्रिस्ती परंपरेतच याचं उत्तर आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस 1579 मध्ये गोव्यात आला. मराठी त्याच्या कानावर आयुष्यात कधी पडलेली नव्हती. 1616 मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं, ओवीत, इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती त्या चालीत. छापलं रोमन लिपीत, पण वाचलं की ऐकू येते ती मराठी. मध्ये सदतीस वर्षं आहेत. त्यानं आधी काय केलं असेल तर ऐकलं. त्यामुळे ‘माझी मराठी कच्ची आहे’ ही सबब मी तरी ऐकून घेणार नाही, माझ्या वर्गातल्यांकडून तर नाहीच.

ऐकायचं कसं याची एक सोपी रीत सांगते, मला उपयोगी पडलेली. बसस्टँडवर किंवा मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एका माणसाचं बोलणं दहा मिनिटं ऐका. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. एक तर ते बरं नाही, आणि रेकॉर्ड केलं की कान आळशी होतो. घरी येऊन आठवेल तेवढं लिहा. मग शब्द बघू नका, हे बघा: तो माणूस कुठल्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा आला? काय विचारल्यावर त्यानं विषय बदलला? त्यानं वस्तूंची नावं घेतली की माणसांची? वाक्य पुरं केलं की अर्धं सोडून ‘होग्ली बिडी’ म्हणाला? यातल्या दोन गोष्टी सापडल्या तरी निवेदक उभा राहतो. ज्याचं ऐकलं त्याचं नाव, गाव, गोष्ट वापरायची नाही, एवढं पथ्य पाळा. सवय उचला, माणूस नको.

लिहून झाल्यावर मोठ्यानं वाचा, शक्यतो घरातल्या अशा कुणासमोर जो साहित्य वाचत नाही. आई-मावशी ज्या वाक्याला ‘असं कोण बोलतंय गा?’ म्हणतील, त्यावर खूण करा. त्या बहुतेक बरोबर असतात.

पुढच्या अंकासाठी कथा पाठवताना आता एक ओळ वेगळी लिहून द्यायची, असं बैठकीत ठरलंय: गोष्ट कोण सांगतंय, कुठल्या गावचं, आणि कुणाला. म्हणजे मुद्रितं तपासणारे तुमच्या ‘मी आलो’चं ‘मी आले’ करण्याआधी तुम्हाला फोन करतील.